लेव्हल थ्रीचं खरं नाव

ऋजुता ‘असू दे’ म्हणाली, त्या दिवसापासून मला धड झोप नाही. किती सहज म्हणाली! रिक्षावाल्याकडे सुटे नसले की आपण म्हणतो ना, तसं. माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे आणि तिच्या हातातली वस्तू कुणी काढून घेतली तर ती घेणाऱ्याला रस्ता करून देते. उद्या मी नसेन, तिचे बाबा नसतील, तेव्हा हिच्या ताटातलं कोण कोण उचलून नेईल, हाच विचार डोक्यात फिरत राहतो. पाणी प्यायला उठते, परत येते, तोच विचार.

आज तर झोपायचा प्रश्नच नाही, कारण मला लिहायचं आहे. रविवारी कर्जतला आमच्या ज्ञातिमंडळाचा गुणगौरव समारंभ आहे. सत्कार होणाऱ्यांचे परिचय दरवर्षी मी लिहिते आणि मीच वाचते. मी मराठी घेऊन बी. ए. केलं आहे आणि मंडळाचे चिटणीस सबनीसकाका यांच्या मते माझे उच्चार स्वच्छ आहेत. यंदा तरुणांमध्ये माझ्या बहिणीचा मुलगा निवडला गेला आहे. अनुपम ताम्हाणे, खोपोली. कशासाठी? ‘संगणकीय संगीतरचनेतील कामगिरीसाठी.’ त्याचा परिचय मी लिहायचा! ‘लहानपणापासूनच सुरांची ओढ असलेल्या’ एवढं लिहिलं आणि मला इतका संताप आला की कागद फाडला. लहानपणी या मुलाला टाळ्यासुद्धा आरतीच्या ठेक्यावर वाजवता येत नव्हत्या.

तेव्हा मी दुसऱ्याच माणसाचा परिचय लिहिते आहे. तो कुणी मागितलेला नाही.

ऋजुता शरच्चंद्र फणसे. राहणार कर्जत. खोपोलीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांच्या आधी तिला पोचायचं असतं, म्हणून ही घरातून अंधारातच स्कूटर काढते. तिचा हात हलका आहे. सुई टोचताना ती पेशंटला काहीतरी विचारत राहते, काल काय जेवलात, गाव कुठलं, आणि तेवढ्यात नळी भरलेली असते. ओरडणारी पोरंही तिच्यासमोर नुसती बघत बसतात. घरी मात्र ती बोलत नाही. लग्नाचा विषय काढला तर ‘बघू’ म्हणते, नवा ड्रेस घे म्हटलं तर ‘आहेत की’ म्हणते. तिला काही हवं आहे असं मी फक्त एकाच बाबतीत पाहिलं आहे, आणि ते म्हणजे तिचं हे संगीत.

त्याची सुरुवात नौमानच्या दुकानात झाली. स्टेशन रस्त्यावर नौमानचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ऋजुता कॉलेजात असताना तिथे भंगारात एक जुनं हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र आलं. पिवळं पडलेलं, पडद्यावर चरे. नौमानने ते उघडून साफ केलं, बॅटरीचे पत्रे बदलले आणि हिला दिलं. “घे ऋजू, मला गिऱ्हाईक मिळणार नाय याला.” खेळ तिने फारसे खेळले नाहीत. ती ते कानाला लावून बसायची. मला वाटायचं, पोरीला वेड लागलं की काय.

मग एकदा तिने मला समजावलं. त्या जुन्या यंत्रांत आवाज काढणारी एक इवलीशी चिप असते. तिला गाणं रेकॉर्ड करून वाजवायला द्यायचं म्हणजे नाकी नऊ येतात. ती स्वतः आवाज काढते, आणि तेही फक्त चार. दोन नाकात बोलणारे, टोकदार. एक जरा जाड, खर्जाला बरा. आणि चौथी नुसती खरखर. त्या खरखरीतूनच ढोल काढायचा, त्यातूनच झांज, त्यातूनच वारा. या चौघांकडून जे काय करून घेता येईल ते संगीत. जगात कितीतरी लोक आजही हौसेने त्या चिपसाठी धुना करतात, आणि त्या ज्या प्रोग्रॅममध्ये करतात त्याला ट्रॅकर म्हणतात.

ट्रॅकर मी पाहिला आहे. पेटी नाही, पट्ट्या नाहीत. चार उभे रकाने असतात आणि ओळी वरून खाली सरकत जातात. प्रत्येक ओळीत कुठला सूर, कुठल्या आवाजाने, किती जोरात, आणि शेवटी एक आकडा, की सूर घसरवायचा, थरथरवायचा की तोडायचा. आकडेही धड नाहीत, नऊनंतर दहा येत नाही, ए येतो.

“हे काय गं, रेल्वेचं वेळापत्रक?” मी विचारलं होतं.

“जवळजवळ तेच. कुणी कधी यायचं, कुणी कधी निघायचं.”

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या इंदूबाईंनी तर एकदा कमरेवर हात ठेवून विचारलं, “ताई, तुज्या गान्यात शबुद कदी येनार गं? नुसतं पीं पीं हाय.” ऋजुता इतकी हसली की तिला ठसका लागला. इतकं मोकळं हसताना मी तिला क्वचित पाहिलं आहे.

आता ‘बँकर’ या तिच्या धुनेबद्दल. कर्जतकरांना सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढवायला आमच्या स्टेशनात मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. आमचं घर रुळांपासून लांब नाही. बँकर मागून येऊन टेकला की आधी एक ठणका ऐकू येतो. मग तो ठणका डब्याडब्यांतून पुढे खडखडत पळत जातो. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग गाडी हलते. हे आम्ही इतकी वर्षं ऐकतो की आता ऐकू येत नाही. ऋजुताला ते ऐकू आलं, आणि तिने त्या चार आवाजांतून ते उभं केलं.

त्या धुनेचा मला तेव्हा वैताग आला होता. सगळा पावसाळा तीच, तीच. मी स्वयंपाकघरात, ती खोलीत.

“आई, गाडी हलली का?”

“नाही. अजून यार्डातच आहे.”

पुन्हा काहीतरी खुडबुड. “आता?”

“आता हलली, पण उतारावर निघाल्यासारखी. घाट कुठे आहे यात?”

“बरोब्बर!” म्हणायची आणि पुन्हा बसायची. तो मधला ‘काहीच नाही’ किती ओळींचा ठेवायचा, यावरच ती आठवडाभर अडून होती. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि पलीकडून ती धून आली, आणि माझा हात परातीवर थांबला. गाडी हलली होती. मी तिला तसं सांगायला गेले तर ती खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून बसली होती. मी तशीच परत फिरले. भाकरी करपली.

आणि ही धून अनुपमला दिली कुणी? तिनेच. इथेच सगळी गोम आहे आणि इथेच मला सगळेजण गप्प करतात.

भाऊबीजेला अनुपम आमच्याकडे आला होता. तो पुण्यात गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर आहे. हौशी लोकांसाठी त्यांनी त्या जुन्याच यंत्रावर चालणारा नवा खेळ करायला घेतला होता. ऋजुताने त्याला ओवाळलं, त्याने ताटात नव्या हेडफोनचा खोका ठेवला आणि पाटावरून उठता उठता म्हणाला, “ऋजू, दरवर्षी मीच देतो. यंदा तूही दे काहीतरी.”

“काय देऊ?”

“ते बँकर दे. आमच्या टीमला ऐकवतो.”

दुसरी कुणी असती तर तिने ऐकण्यापुरतं रेकॉर्डिंग दिलं असतं. हिने ट्रॅकरची आख्खी फाईल दिली, म्हणजे प्रत्येक ओळ, प्रत्येक आकडा, सगळं उघडं. कारण त्यांच्या त्या जगात तशीच पद्धत आहे. धून केली की फाईल इंटरनेटवर आपल्या पानावर उघडी ठेवायची. कुणीही यावं, आत डोकावावं, कसं केलं ते बघावं, शिकावं. ऋजुता अशीच शिकली. पोलंडमधल्या कुणा माणसाच्या फाईलीत तिला दिसलं की तीन सूर एकाच आवाजात आलटूनपालटून इतक्या भराभर वाजवले की कानाला ते एकत्र वाटतात. ही युक्ती तिने पहिल्यांदा वापरली तेव्हा धुनेखाली त्या माणसाचं नाव लिहिलं. एका युक्तीसाठी! त्या लोकांत फाईल देणं म्हणजे घरात घेणं आहे. घर नावावर करून देणं नव्हे. अनुपमला हे माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. रोज त्यातच असतो तो.

पुढचं मला कळलं ते ताईच्या घरी. सुचेताताई माझी थोरली बहीण. भावोजी गेल्यापासून खोपोलीला एकटीच असते. तिचा अनुपमवर जीव आहे, आणि तो असायलाच हवा. एका वर्तमानपत्रात त्या खेळाबद्दल आणि ‘खोपोलीच्या तरुणा’बद्दल छापून आलं म्हणून तिने आम्हाला जेवायला बोलावलं. वालाचं बिरडं, कोलंबी, सगळं साग्रसंगीत. अनुपमने खेळ टीव्हीवर लावला. ऋजुता पानं वाढत होती.

“विशू, इकडे ये, ऐक ऐक,” ताई म्हणाली. “आता लागेल बघ, हे अनुपमचं म्युझिक!”

आणि ठणका पडला. डब्याडब्यांतून पळत गेला.

माझ्या हातात बिरड्याचं पातेलं होतं. मी ऋजुताकडे पाहिलं. तिने मीठ वाढलं, लिंबाची फोड वाढली, पुढच्या पानाकडे सरकली. मान वर केली नाही.

“काय नाव याचं?” मी विचारलं.

“लेव्हल थ्री,” अनुपम म्हणाला.

“मी नाव विचारलं.”

“तेच नाव, मावशी. तिसऱ्या लेव्हलला वाजतं ना.”

“आणि तो सुरुवातीचा ठणका कशाचा रे?”

“बीट आहे तो.”

बीट! कर्जत-खोपोलीत वाढलेला मुलगा, आणि त्याला तो ठणका कशाचा ते सांगता येईना. तेवढ्यात आमचे हे, ज्यांना घरात काय चाललं आहे याचा कधी पत्ता नसतो, मनापासून म्हणाले, “वा! अगदी आपल्या ऋजूच्यासारखं वाजतंय.”

अनुपम हसला. “ऋजूनेच तर दिलं होतं काका, भाऊबीजेला. मी जरा पॉलिश केलं. हो ना गं ऋजू?”

“हो,” ऋजुता म्हणाली. “पोळी वाढू?”

“बहिणीने भावाला दिलं, घरातच राहिलं,” ताई म्हणाली. शेवटी पडद्यावर नावं आली. ‘संगीत : अनुपम ताम्हाणे.’ ताईने ती तिथेच थांबवायला लावली, अनुपमला टीव्हीशेजारी उभं केलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला, फोटो काढ म्हणून. मी काढला. हात हलला म्हणून सांगितलं आणि दुसरा काही काढला नाही.

येताना हे डबे घेऊन गाडीने आले आणि मी ऋजुताच्या स्कूटरवर मागे बसले. पळसदरीपर्यंत कसंबसं धरून ठेवलं. मग मागून ओरडले, “तू बोलली का नाहीस?”

“हेल्मेटमधून ऐकू येत नाही गं.”

“सगळं ऐकू येतं तुला! बोलली का नाहीस?”

तिने स्कूटर जरा हळू केली. “असू दे ना, आई.”

घरी आल्यावर मी यांना सांगितलं की आत्ताच्या आत्ता ताईला फोन करते. हे म्हणाले, “घरातलं घरात ठेवू या. सुचेताताईंना किती दिवसांनी आनंद झालाय. एका गाण्यासाठी बहिणी-बहिणींत वितुष्ट आणणार का?” मी म्हटलं, वितुष्ट मी आणते आहे का? यावर हे वर्तमानपत्र उघडून बसले. या माणसाशी मी आयुष्यभर संसार केला आहे आणि अजूनही वर्तमानपत्राशी भांडायची पद्धत मला सापडलेली नाही.

ऋजुताला विचारलं, तर तिचं उत्तर तयार होतं. “मी ओवाळून दिलंय. भाऊबीजेला दिलेलं परत मागायचं? मावशीसमोर? तू मावशीला काही बोलू नकोस हं.”

“तू धून दिलीस. नाव दिलं होतंस का?”

“त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.”

“हे विचारायचं असतं?”

दिलेल्या गोष्टीचा हिशोब नंतर मांडायचा नाही, ही शिकवण आम्हीच दिलेली. आता त्याच शिकवणीने तिचे हात बांधले आहेत आणि तो मुलगा तिच्या धुनेवर शाल पांघरून घ्यायला निघाला आहे.

तिचा राग मला एकदाच दिसला, आणि तो नावासाठी नव्हता. तिने तो खेळ मागवला आणि आपल्या त्या पिवळ्या यंत्रावर लावला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “गाढव!” मी धावत गेले. माझ्या मुलीच्या तोंडून मी हा शब्द प्रथमच ऐकत होते.

“बघ काय केलंय त्याने,” ती म्हणाली. “आवाज चारच आहेत ना? खेळातला माणूस उडी मारतो, त्याचा आवाजही याच चारांतून काढावा लागतो. मग तेवढ्यापुरता एक आवाज गाण्यातून जातो. म्हणून मी दुसरा आवाज जवळजवळ मोकळा सोडला होता. त्यात नुसता पहिल्याचा पुसट प्रतिध्वनी. उडीने तो खाल्ला तरी कळत नाही.”

“मग?”

“त्याला रकाना रिकामा दिसला म्हणून त्याने तो भरला! पहिल्यातली अर्धी धून उचलून दुसऱ्यात टाकली. म्हणे पॉलिश! आता दर उडीला धून तुटते. घाट चढता चढता गाडी गायब होते. आई, तो रिकामा नव्हता गं. राखून ठेवला होता.”

मी तिच्याशेजारी बसले. तिने खेळातल्या माणसाला उडी मारायला लावली. खरंच, धुनेचा घास जात होता. पुन्हा उडी, पुन्हा घास. परदेशातल्या लोकांनीही लिहिलं होतं की बाकी खेळ चांगला आहे, पण तिसऱ्या लेव्हलचं संगीत सारखं अडखळतं.

“बरं झालं माझं नाव नाही त्यावर,” ती म्हणाली.

मला तिच्या खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. नाव नाही म्हणून बरं? म्हणजे आधी वस्तू नेली, मग मोडली, आणि आता मोडकी आहे म्हणून हिने सुटकेचा श्वास सोडायचा? आणि एवढं झाल्यावर हिने अनुपमला निरोप पाठवला तो काय? तर दुसरा आवाज मोकळा कर, म्हणजे खेळ सुधारेल. नावाचा उल्लेख नाही. त्याचं उत्तर तिने मला दाखवलं. तीन हसणारी तोंडं आणि ‘अगं, कोण एवढं कान देऊन ऐकतंय!’

कोण ऐकतंय? मी ऐकलं आहे रे. पावसाळाभर, हाताला पीठ लागलेलं असताना, ती गाडी यार्डातून हलत नव्हती तेव्हापासून.

तरीसुद्धा मी गप्प राहिले असते. खरंच राहिले असते, कारण ताईचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. पण मग सबनीसकाकांचा फोन आला. “विशाखाताई, परिचय आटोपशीर ठेवा बरं का. आणि एक सुंदर कल्पना सुचली आहे. अनुपमला पुष्पगुच्छ तुमच्या ऋजुताच्या हस्ते देऊ. भाऊ-बहीण! फोटो फार छान येईल.”

मी ऋजुताला सांगितलं ते ती उसळेल म्हणून. आता तरी चिडेल. ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, “देईन की.”

आणि आज दुपारी नौमानच्या दुकानात गेले होते, मोबाईलची काच बदलायला. त्याने काच बाजूलाच ठेवली.

“काकू, ऋजूची तब्येत ठीक आहे ना?”

“का रे?”

“तिनं तिचं सगळं काढून टाकलंय. मी दुकानात रोज लावायचो ना, आज बघतो तर पान कोरं. एक पण धून नाय. मी मेसेज केला, ऋजू, काय झालं? तर म्हणते, आता फाईल कुणालाच द्यायची नाय. मी म्हटलं, मला पण? तर म्हणते, तुला पण.” त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “मी काय केलं काकू?”

तू काही केलं नाहीस बाबा, असं म्हणून मी काच न बदलताच घरी आले.

ती लॅबमधून आली, जेवली. मग मी विचारलं.

“सगळं काढलंस?”

“आवरलं.”

“पसारा होता का तो?”

“ज्याला ऐकायचं त्याला रेकॉर्डिंग देईन कधीतरी. आतलं नाही दाखवणार कुणाला.”

“नौमानलाही नाही?”

“कुणाला हो म्हणायचं आणि कुणाला नाही, हे मला नाही जमत, आई. त्यापेक्षा बंद.”

“आणि त्या पोलंडवाल्याने असंच बंद केलं असतं, तर तू कुठून शिकली असतीस?”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, असतं तर मला बरं वाटलं असतं.

“त्याच्या घरी अनुपमदादा नव्हता,” ती म्हणाली. आपलं ताट घासलं, सकाळचा डबा विसळून पालथा घातला आणि झोपायला गेली.

तेव्हापासून मी इथे बसले आहे. इतके दिवस मला वाटत होतं की माझी मुलगी भिते, भिडस्त आहे, म्हणून असू दे म्हणते. तसं असतं तर मी तिला शिकवलं असतं, ढोसलं असतं. पण आज जे दिसलं ते वेगळंच आहे. ती भांडत नाही, ती दार लावून घेते. जी मुलगी आपली सगळ्यात जपलेली गोष्ट आतल्या शिवणीसकट कुणाच्याही पुढे ठेवायची, तिला त्या मुलाने हात आखडायला शिकवलं. आज धुना काढल्या, उद्या ट्रॅकर बंद होईल. रविवारी ती त्याला फुलं देईल, फोटोत हसेल, आणि पुढे पुन्हा कधी मला विचारणार नाही की आई, गाडी हलली का.

हे मी होऊ देणार नाही. तिचे बाबा काही म्हणोत.

ताईशी मी बोलणार नाही, कारण ताईने काही केलेलं नाही. मंडळातही आधी बोलणार नाही. फोन करायचा तो अनुपमला. तो जागा असतो. त्याला सांगायचं आहे की ‘संगीत : ऋजुता फणसे’ हे त्या खेळात तुझ्या हाताने लिही. धुनेचं नाव बँकर आहे, ते लिही. दुसरा आवाज होता तसा मोकळा कर. आणि हे सगळं ताईला आणि सबनीसकाकांना रविवारच्या आधी तू स्वतः सांग, मी सांगायच्या आधी. नाही सांगितलंस तर परिचय मीच वाचणार आहे आणि हेच वाचणार आहे, जसं लिहिलंय तसं, सभागृहात, माझ्या स्वच्छ उच्चारांत. ताई रडेल. मला माहीत आहे ती रडेल. ऋजुता माझ्याशी बोलायची नाही कदाचित, आणि हे वर्तमानपत्राच्या आड बसतील. चालेल मला.

सकाळपर्यंत थांबावं असं एकदा वाटून गेलं. पण सकाळी मला पुन्हा सगळ्यांच्या बाजू दिसायला लागतील. अनुपमचा नंबर काढला आहे. त्याला आधी विचारीन, जेवलास का रे, कारण मावशी आहे मी त्याची. आणि मग त्याला मध्ये एक शब्द बोलू देणार नाही.